रायफल गाडीत असताना

अण्णा,

गेल्या शनिवारी सकाळी इथे सिंगापूरला तुमच्या नातीच्या शाळेच्या आवारात मी एक पांढरी व्हॅन भरताना पाहिली आणि बघतच राहिले. शाळांमधल्या नेमबाजी स्पर्धेसाठी एअर रायफली दुसऱ्या रेंजवर न्यायच्या होत्या. मुली वेगळ्या बसने जाणार होत्या आणि रायफली या व्हॅनमधून, कोचबरोबर. त्यांचे कोच साठीच्या घरातले चिनी गृहस्थ आहेत, कमी बोलणारे. प्रत्येक रायफल त्यांनी हातात घेतली, उघडून आत पाहिलं, नळीतून एक पिवळी दोरी आरपार ओवली, म्हणजे आत काही नाही हे कुणालाही लांबून दिसावं. मग ती पेटीत, पेटीला कुलूप. छर्‍यांचे डबे वेगळ्या खोक्यात, व्हॅनच्या दुसऱ्या टोकाला. यादीवर खुणा झाल्या. सगळं झाल्यावर ड्रायव्हरशेजारी बसण्याआधी त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवून आतला परवाना चाचपला. तो हात पाहिला आणि मला तुमची जीप आठवली. पस्तीसेक वर्षांत मी त्या जीपचा असा विचार केला नव्हता, किंवा खरं म्हणजे करायचा टाळला होता.

तुमची नात त्या दिवशी पेट्या उचलून द्यायला होती, नेम धरायला नव्हती. ते का, हे सांगायचं म्हणजे आधी तुमच्यापासूनच सुरुवात करायला हवी.

आजोबांची रायफल तुमच्याकडे आली तेव्हा शिकारीचे दिवस संपले होते. कायदा आला आणि शिकार बंद झाली, पण परवाना पीकसंरक्षणाचा म्हणून चालू राहिला. तुम्ही त्या रायफलीने डुकरं हाकलण्यासाठी हवेत बार काढलेले मला आठवतात, कशावर नेम धरलेला आठवत नाही. आमच्यासाठी त्या रायफलीचा खरा सण म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून निरोप यायचा, परवानाधारकांनी हत्यारं जमा करावीत, आणि तुमची तयारी सुरू व्हायची. आदल्या दिवशी दुपारी पडवीत जुनं धोतर पसरून तुम्ही रायफल साफ करायचात. नळीतून उजेडाकडे बघायचात, मग मलाही बघायला द्यायचात. मग बोल्ट, ज्याच्याशिवाय रायफल उडत नाही तो, काढून फडक्यात गुंडाळायचा आणि पान्यांच्या पेटीत ठेवायचा. रायफल किंतानाच्या खोळीत, खोळ शिसवी पेटीत, पेटी मागच्या सीटखाली आडवी. काडतुसं एका स्टीलच्या डब्यात. तो डबा आईच्या लोणच्याच्या संचातला होता आणि तो तुम्ही परत द्याल ही आशा तिने शेवटपर्यंत सोडली नव्हती. ती म्हणायची, तुमच्या गाडीत त्या बयेला जितकी नीट जागा मिळते तितकी मला कधी मिळाली नाही.

मला बरोबर न्यायचात कारण परतीच्या वाटेवर माझ्या वह्या-पुस्तकांची खरेदी व्हायची. परतताना तुम्ही वेगळे असायचात. भजी खायला थांबायचात, ओळखीच्या माणसांना गाडीत घ्यायचात. जाताना मात्र नाही. घर ते ठाणे, मध्ये कुठेही गाडी उभी राहायची नाही आणि बाहेरचं माणूस गाडीत बसायचं नाही. एकदा वाटेत करवंदांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. मी फार हट्ट केला, रडले. तुम्ही गाडी न थांबवता म्हणालात, "रायफल गाडीत असताना आपण फिरायला निघालेलो नसतो. परत येताना बघू." परत येताना त्या बायका उठून गेलेल्या होत्या. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्हीही माझी समजूत काढली नाहीत.

मी तेरा वर्षांची होते तेव्हाची ती निवडणूक. उन्हं वर आली होती. उसाच्या पट्ट्यातून रस्ता वळतो तिथे चार-पाच माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात हलवताहेत. तुम्ही हॉर्न वाजवता, ती हलत नाहीत. बांधावर एक माणूस आडवा पडलेला आहे, त्याची मांडी धोतराने आवळलेली आणि धोतर पूर्ण लाल. ऊसतोडीला आत शिरला आणि डुकराने फाडला. डुक्कर अजून उसातच होतं. शेताच्या आतून पाचट मोडल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला माणसं मागे सरत होती. त्यांतल्या एकाने तुम्हाला ओळखलं. तो म्हणाला, "अण्णा, ठाण्यावर निघालाय म्हणजे बंदूक हाय गाडीत. काढा भाईर. आज त्याला सोडायचा न्हाई." बाकीचे जीपच्या भोवती आले, एकाने तर मागचा पडदा उचलला. तुम्ही खाली उतरून त्या पडद्यासमोर उभे राहिलात. आवाज चढवला नाहीत.

"बंदूक निघणार नाही. माणूस गाडीत घाला."

ते चिडले. जखमी माणसाचा भाऊ तुम्हाला काहीबाही बोलला, की तुमच्या भुईमुगाला राखायला बंदूक चालते आणि माणसाला चालत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि स्वतःच त्या माणसाच्या खांद्याखाली हात घातलात. मग बाकीच्यांनीही हात लावला. त्याला मागच्या सीटवर निजवला, त्याचं डोकं भावाच्या मांडीवर, आणि त्या दोघांच्या बरोबर खाली ती शिसवी पेटी. मी पुढे बसले होते. तुमचा नियम मोडला आहे एवढं मला कळत होतं, आणि तो तुम्ही मोडला आहे यावर विश्वास बसत नव्हता.

ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात गाडी लावली तेव्हा तो माणूस पांढरा पडला होता आणि भाऊ लटपटत होता, त्याच्याने उचलवलं नसतं. तुम्ही पान्यांच्या पेटीतला बोल्ट काढून स्वतःच्या खिशात घातलात. नुसत्या नळीचं आणि लाकडाचं कुणी काही करू शकणार नाही, असा तुमचा हिशेब असणार. मग मला म्हणालात, "इथे बसायचं. कुणी आलं तर माझं नाव सांगायचं. मी येईपर्यंत गाडीतून उतरायचं नाही." आणि वॉर्डबॉयच्या मदतीने त्याला उचलून आत गेलात, भाऊही मागोमाग गेला. आत गेल्यावर रक्त लागणार म्हणाले आणि तुमचा गट जुळला, म्हणून तुम्हाला तासाभराहून अधिक वेळ लागला. हे मला नंतर कळलं.

अण्णा, मी उतरले होते.

तुम्ही गेल्यावर थोड्या वेळाने मागच्या सीटवरून रक्ताचा एक ओघळ पेटीवर आला आणि पेटीवरून खाली जीपच्या पत्र्यावर ठिबकायला लागला. मला ते बघवेना, आणि न बघताही येईना. माझ्या हातालाही लागलं होतं, त्या माणसाचा पाय आत घेताना. मी दार उघडलं आणि रुग्णालयाच्या मागच्या बाजूला नळ होता तिथे पळाले. उलटी झाली. हात धुतले, फ्रॉक धुतला, मग पुन्हा हात धुतले. तिथून जीप दिसत नव्हती. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. दहा मिनिटं असतील, जास्तही असतील. परत आले तर जीपजवळ एक शेळी उभी होती, दुसरं कुणी नव्हतं. मी आत बसले आणि दार लावून घेतलं. तुम्ही आलात तेव्हा फ्रॉक अजून ओला होता, पण तुमचं लक्ष नव्हतं. दंडाला कापूस धरून तुम्ही गाडी चालवायला बसलात.

ठाण्यात तुम्ही रायफल टेबलावर ठेवलीत, बोल्ट ठेवला, काडतुसं मोजून दिलीत, आणि मग कुणी काही विचारायच्या आधीच उशीर का झाला ते सांगितलंत. वाटेत थांबलो, बाहेरची दोन माणसं गाडीत घेतली, आणि रायफल तासभर माझ्या ताब्यात नव्हती, गाडीत होती आणि गाडीत माझी अल्पवयीन मुलगी होती. ठाण्यातले साहेब तुमच्या ओळखीचे. ते म्हणाले, अण्णा, तुम्ही एका माणसाचा जीव वाचवून आलाय, हे सगळं नोंदवायची काही गरज नाही, मी वेळ टाकतो आणि पावती देतो. तुम्ही म्हणालात, "परवान्यावर सही माझी आहे. झालं ते लिहा." ते कागद ओढून लिहायला लागले. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, गाडी पूर्ण वेळ मुलीच्या नजरेसमोर होती का? तुम्ही माझ्याकडे वळलात.

"उतरली होतीस?"

मी म्हणाले, "नाही." तुम्ही साहेबांना म्हणालात, "ती उतरली नाही. तसं लिहा."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. निवडणूक झाली, सगळ्यांची हत्यारं परत मिळाली, तुमची नाही. जबाब वरच्या कचेरीत गेला होता आणि परवाना आधी निलंबित झाला, मग त्याचं नूतनीकरण झालं नाही. आजोबांची रायफल ठाण्याच्या कोठीत राहिली. ओल्या हवेत तिला कुणी तेल लावत असेल का, असं तुम्ही आईला एकदाच विचारल्याचं मी ऐकलं. त्या वर्षीचा भुईमूग डुकरांनी उकरून खाल्ला, पुढच्या वर्षीचाही. मग तुम्ही भुईमूग करणं सोडलंत. आई म्हणायची, खरं बोलायची एवढी हौस कशाला, कुणी विचारलं होतं का? तुम्ही म्हणायचात, विचारलं नव्हतं खरं. तो माणूस वाचला. पाय जरा ओढत चालायचा, पण दरसाल नवा घनसाळ तांदूळ घेऊन यायचा, आणि त्याचा तोच भाऊ दाराबाहेर उभा राहायचा, आत यायचा नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी दोघंही आले होते. त्या दिवशी भाऊ आत आला.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी आम्ही सिंगापूरला आलो, तुमच्या जावयाच्या नोकरीमुळे. मग मलाही इथे नोकरी मिळाली. बिशानमध्ये राहतो, शाळा जवळ आहे. मी रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जुरोंगपर्यंत जाते आणि तिथून कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवर. ते सगळं बेट रिफायनऱ्यांचं आणि रसायनांच्या कारखान्यांचं आहे, पासशिवाय पाऊल टाकता येत नाही. माझं काम म्हणजे परवानग्या देणं. कुणाला पाइप कापायचा असेल, वेल्डिंग करायचं असेल, तर आधी मी जाऊन बघते की व्हॉल्व्ह बंद आहे, त्याला कुलूप आहे, किल्ली योग्य माणसाच्या खिशात आहे, आत वायू नाही. मग सही करते. माझ्या सहीशिवाय ठिणगी पडत नाही. तरुण इंजिनिअर मला मागून कडक म्हणतात. एकदा एकाने विचारलं की हे तुम्ही कुठे शिकलात, तर मी कॉलेजचं नाव सांगितलं.

आता तुमच्या नातीचं. ती पंधरा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. उंच आहे, नाक आईचं आहे. शाळेत तिने एअर रायफल निवडली तेव्हा मी दचकले होते, पण का ते तिला सांगितलं नाही. इथे बंदुकीचे कायदे इतके कडक आहेत की सामान्य माणसाला ती जन्मात हातात धरायला मिळत नाही. मुलींच्या रायफलीही शाळेच्या शस्त्रागारात असतात, घरी यायचा प्रश्नच नाही. छर्‍याचा एक दाणासुद्धा रेंजबाहेर न्यायचा नाही, हा कोचचा पहिला नियम. दोन वर्षं तिने मान मोडून सराव केला आणि या वेळी पहिल्यांदा तिचं नाव शाळेच्या संघात आलं.

गुरुवारी संध्याकाळी कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी मी तिच्या ट्रॅकपँटचे खिसे तपासले आणि हाताला दोन छर्रे लागले. सरावानंतर उरलेले डब्यात टाकायचे राहिले असणार. शिशाचे, ज्वारीच्या दाण्यांहून थोडे मोठे. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पोहे खात होती. मी तिला तळहातावर दाखवले आणि ती खायची थांबली. आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीलाच कचऱ्याचा शूट आहे, झाकण उघडून टाकलं की थेट दहा मजले खाली. मी झाकणाला हात घातला आणि म्हणाले, टाकून देते, कुणाला कळणार नाही, पुढच्या वेळी नीट बघ.

मी हे म्हणाले, अण्णा. मला तेव्हा फक्त शनिवार दिसत होता, आणि तिची ती दोन वर्षं.

ती उठून आली आणि तिने माझ्या हातातले छर्रे काढून घेतले. इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "कॅनॉट लाह, आई. आय हॅव टु टेल कोच." मी तिला समजावायला लागले की शनिवार झाल्यावर सांग. ती मराठीत म्हणाली, तिची मराठी अडखळते पण ती मुद्दाम मराठीत म्हणाली, "मग ते सांगणं नाही ना." आणि आतल्या खोलीत जाऊन तिने फोन केला. दार लावलं नव्हतं, मला सगळं ऐकू येत होतं. तिने कुणावर ढकललं नाही, आईने खिसे तपासले म्हणून सापडले हेही सांगितलं. अर्ध्या तासात कोच स्वतः आमच्या इमारतीखाली आले, आम्ही दोघी उतरलो आणि एका बंद पाकिटात ते दोन दाणे घेऊन गेले. जाताना मला म्हणाले की सांगितलं हे चांगलं केलं, पण नियम तो नियम, या स्पर्धेत ती नसेल. पुढच्या टर्मला पुन्हा प्रयत्न करू दे. तिने मान हलवली. लिफ्टमध्ये शिरल्यावर ती रडायला लागली आणि दहाव्या मजल्यापर्यंत रडत होती. मी तिला जवळ घेतलं. तिच्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव गेलं आणि शनिवारी ती त्या मुलीची पेटी उचलायला शाळेत गेली.

रविवारी आम्ही तिघं हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवायला गेलो तेव्हा मी तिला तुमची गोष्ट सांगितली. जीप, ऊस, डुक्कर, बांधावरचा माणूस. ती नूडल्स सोडून ऐकत होती. ठाण्यापर्यंत आले तेव्हा तिने विचारलं, तू खरंच पूर्ण वेळ गाडीत बसून होतीस? एकटी, रक्तात? मी तिला सांगितलं की नाही. नळाचं सांगितलं, उलटीचं सांगितलं, तुम्ही विचारल्यावर मी काय म्हणाले ते सांगितलं. माझ्या नवऱ्याला हे अठरा वर्षांत माहीत नव्हतं. ती रागावली नाही. तिने विचारलं, आजोबांना नंतर सांगितलंस ना? मी म्हणाले, ते गेले. ती म्हणाली, ते त्याच्यानंतर सोळा वर्षं होते. तिने मनातल्या मनात गणित केलं होतं. मग म्हणाली, "यू कॅन स्टिल राइट टु हिम, व्हॉट." जणू त्यात अवघड काय आहे.

म्हणून लिहिते आहे. आज तिने विचारलं, झालं का लिहून? म्हटलं, होत आलंय. ती म्हणाली, वाचून दाखवशील? मराठी तिला वाचता येत नाही. मी म्हणाले, बघू. तुमचा शब्द होता तो.

नाही दाखवणार बहुतेक, कारण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. आजवर मी मनाशी असं धरून चालले होते की ठाण्यात मी खोटं बोलले ते तुमच्यासाठी. मी उतरले असं म्हणाले असते तर तेही तुम्ही लिहायला लावलं असतं, आणि तुमचं आणखी नुकसान झालं असतं. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं कळत असेल, असं मी स्वतःला पटवलं होतं. खरं तसं नव्हतं. तुम्ही "ती उतरली नाही" म्हणालात तेव्हा साहेब पेन थांबवून म्हणाले होते, पोरगी तुमच्याच वळणावर गेलीय. आणि तुम्ही, चार माणसांत कधीच माझं कौतुक न करणारे तुम्ही, माझ्या डोक्यावर हात ठेवलात. साबणाचा आणि स्पिरिटचा वास येत होता हाताला. त्या क्षणी सांगता आलं असतं, तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. पण मला तो हात तिथून निघायला नको होता.